गाडी मागून बसली असेल तर आधी टेप घ्या, पाना नंतर

गाडी सपाट जागेवर उभी आहे, डिकी रिकामी आहे, तरी मागची बाजू खाली गेलेली दिसते. चार माणसं बसली की स्पीडब्रेकरवर मागून ठोका बसतो आणि रात्री समोरून येणारे सारखे डिपर मारतात. अशी गाडी गॅरेजला नेली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं: ‘शॉकअप गेलेत, जोडी बदलून टाकू.’ जोडी बदलते, पैसे जातात आणि गाडी होती तेवढीच खाली राहते.

कारण साधं आहे. गाडीची उंची शॉकअप धरत नाही, स्प्रिंग धरते. स्प्रिंग वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगचे हेलकावे आवरतो. गॅसच्या शॉकअपमुळे थोडी उचल मिळते, पण ती काही किलोंची, शेकडो किलोंच्या गाडीला तिने फारसा फरक पडत नाही. हवेचं सस्पेन्शन किंवा स्वतःहून उंची राखणारे खास शॉकअप असलेल्या महागड्या गाड्या याला अपवाद आहेत. त्यांचा विचार इथे केलेला नाही. हा लेख आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या गाड्यांसाठी आहे: स्विफ्ट, डिझायर, बलेनो, एर्टिगा, आय-ट्वेंटी, नेक्सॉन. या सगळ्यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा बीम आणि त्यावर दोन कॉइल स्प्रिंग. बोलेरोसारख्या कमानपाट्यांच्या (कॉइलऐवजी एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असलेल्या) गाड्यांबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

मोजमाप कसं घ्यायचं

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. बंपरचा आकार, मोठे टायर, मडफ्लॅप यांमुळे गाडी आहे त्यापेक्षा खाली किंवा वर वाटू शकते. दर्जीचा किंवा सुताराचा कुठलाही टेप चालेल.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे खरोखर सपाट जागा. पेट्रोल पंपाच्या फरशीला आणि सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. बांधकामावर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी मिळाली तर चारही चाकांच्या जागा पाच मिनिटांत तपासता येतात. ती नसेल तर एक युक्ती करा. एकदा मोजून झालं की गाडी फिरवून त्याच जागी उलट्या तोंडाने उभी करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा तीच बाजू खाली आली तर दोष गाडीत आहे. खालची बाजू बदलली तर तो जमिनीचा उतार आहे.

मोजण्याआधी डिकी रिकामी करा. स्टेपनी आणि जॅक मात्र जागेवर असू द्या. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याइतकी करा. पेट्रोल किती आहे ते लिहून ठेवा. गाडी चार-पाच फूट पुढे-मागे ढकला आणि हँडब्रेक न लावता उभी करा. मागची आणि पुढची बाजू दोन-तीनदा दाबून सोडा. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीचं माप घेऊ नका, कारण बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) आणि टायर अडकून राहिल्यामुळे ती काही वेळ उंच दिसते.

आता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीजही मापात येते. मध्यबिंदूपासून मोजलं की फक्त सस्पेन्शनची उंची कळते. चारही चाकांची मापं मिलिमीटरमध्ये लिहा.

एकाच ॲक्सलच्या (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीच्या) डाव्या-उजव्या बाजूंत १० मिमीपर्यंतचा फरक असला तर मी तिकडे लक्ष देत नाही. त्याहून जास्त असेल तर कारण शोधायला हवं. मागची दोन्ही मापं सारखीच कमी असतील तर तुलनेसाठी त्याच मॉडेलची, त्याच इंधनाची आणि शक्यतो त्याच वर्षाची दुसरी गाडी गाठा. सोसायटीत किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती सहसा सापडते. वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर उत्तमच.

मागची एकच बाजू खाली असेल तर घाईने मागची स्प्रिंग बदलू नका. पुढची एक स्प्रिंग बसली किंवा तुटली असेल तर गाडीचं शरीर तिरकं होतं आणि मागचं मापही चुकतं. पुढच्या बाजूला मधोमध मॅन्युअलने दिलेली जॅकची जागा असेल, तर तिथे जॅक लावून पुढची चाकं जेमतेम उचला. आता पुढच्या स्प्रिंगचा तिरकेपणावर परिणाम होणार नाही. मागचा फरक तसाच राहिला तर दोष मागे आहे, नाहीसा झाला तर पुढे.

सीएनजी असेल तर हा हिशेब आधी करा

मुंबई, पुणे, नाशिककडे ‘गाडी बसली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येक गाड्यांत बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असतं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत बिघाड काहीच नसतो, फक्त वजन वाढलेलं असतं.

सिलिंडर, त्याचा स्टँड आणि गॅस मिळून ८० किलो धरा. हे वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे असतं. ॲक्सलपासून ते ३० सेंमी मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २४० सेंमी आहे असं समजू. मग मागच्या चाकांवर ८० नाही, ९० किलो भार येतो आणि पुढच्या चाकांवरून १० किलो कमी होतो, कारण ॲक्सलमागचं वजन तरफेसारखं गाडीचं नाक उचलतं. म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर ४५ किलो वाढले. चाकापाशी स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २ किलो असेल तर गाडी २२ मिमी खाली जाणारच. स्प्रिंग कोरी असली तरी!

अशा गाडीत पेट्रोलसाठीचीच नवी स्प्रिंग टाकून समाधान होत नाही. त्याच मॉडेलचा कंपनी-फिटेड सीएनजी प्रकार बाजारात असेल तर त्याच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर वेगळा आहे का, हे अधिकृत पार्ट्सच्या काउंटरवर चेसिस नंबर सांगून विचारा. वेगळा असेल आणि तुमच्या गाडीला बसत असेल, तर माझ्या मते तोच सगळ्यात सरळ उपाय आहे. ती स्प्रिंग त्याच वजनासाठी, त्याच बॉडीसाठी तयार केलेली असते.

वजन ठेवून तपासणी

ही तपासणी फारसं कोणी करत नाही. मला मात्र हीच सगळ्यात उपयोगी वाटते. मागच्या सीटवर दोन मोठी माणसं बसवा, गाडी एकदा दाबून सोडा आणि मागची दोन्ही मापं पुन्हा घ्या. दोघांचं मिळून वजन १३० किलोच्या आसपास असेल तर छोट्या गाडीची मागची बाजू साधारण दोन ते तीन सेंटीमीटर उतरते.

स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या यांवर ठरतो. वर्षं गेली म्हणून स्प्रिंग ‘मऊ’ होत नाही. ती आखूड होते. वर्षानुवर्षं जादा भार आणि खड्ड्यांतले दणके खाल्ल्यावर पोलाद पूर्ववत उंचीला परत येत नाही, पण दर मिलिमीटरला लागणारं वजन जवळपास तेवढंच राहतं. म्हणून रिकामी गाडी खाली असेल आणि माणसं बसल्यावर ती नेहमीइतकीच उतरत असेल, तर स्प्रिंग बसली आहे असं समजा.

रिकामी गाडी खाली असेल आणि माणसं बसूनही पाच-सात मिमीच उतरली, तर ती बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा दणका घेणाऱ्या रबराच्या ठोकळ्यावर टेकली आहे, किंवा कोणीतरी स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घातला आहे. रिकामी गाडी योग्य उंचीवर असून माणसं बसताच फारच खाली जात असेल, तर गंजून तार बारीक झाली असेल किंवा चुकीच्या, हलक्या मॉडेलची स्प्रिंग बसवलेली असेल. तारेच्या जाडीत थोडा फरक पडला तरी कडकपणा झपाट्याने कमी होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांत हे मुद्दाम पाहावं.

दोन्ही मापं ठीक असूनही कुटुंब आणि सामान भरल्यावरच त्रास होत असेल, तर गाडी वजनकाट्यावर न्या. एमआयडीसीच्या आणि साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर असे काटे असतात. काटा रस्त्याच्या पातळीत असेल तर फक्त मागची चाकं त्यावर उभी करून मागच्या ॲक्सलवरचा भार मोजता येतो. मग पूर्ण गाडीचं वजन करा आणि मॅन्युअलमधल्या ग्रॉस वेटशी, म्हणजे माणसं आणि सामान धरून गाडीच्या कमाल वजनाशी, ताडून पाहा. सीएनजी, सात प्रवासी आणि टपावर कॅरिअर एवढं झाल्यावर मर्यादा कधी ओलांडली जाते ते कळतही नाही. तिथे जास्त कडक स्प्रिंग टाकून काम भागत नाही. ब्रेक, टायर आणि बेअरिंग तेच राहतात. सामान कमी करणं हाच उपाय.

खाली वाकून काय पाहायचं

टॉर्च घ्या. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं नीट पाहा. रबर पॅडखाली चिखल आणि पाणी साचतं, रंग उडतो, गंज चढतो आणि तिथेच तार तुटते. तुटलेला तुकडा अनेकदा जागेवरच अडकून राहतो, त्यामुळे वरवर पाहिलं तर स्प्रिंग अखंड वाटते. बोट फिरवून टोक तपासा: मूळ टोक सफाईदार कापलेलं असतं, तुटलेलं खडबडीत आणि तिरपं. तुटलेली स्प्रिंग सापडली तर ती गाडी दूर नेऊ नका. सुटलेला तुकडा टायर फाडू शकतो.

बंप स्टॉप फाटलाय का, त्यावर चकचकीत ठसा उमटलाय का, हे पाहा. स्प्रिंगच्या वरच्या आणि खालच्या बैठकीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच ठोका. तो भुसभुशीत लागला तर आधी बॉडीचं काम, मग स्प्रिंग. बीम जिथे बॉडीला जोडला जातो तिथल्या दोन बुशांना चिरा आहेत का, तेही बघा.

आता शॉकअप. त्याच्यावर हलकी धूळ बसलेला तेलकट थर चालतो, ओघळ चालत नाही. मागचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा स्थिर झाली तर ठीक, दोन-तीनदा झुलली तर शॉकअप गेला. टायरवर हात फिरवल्यावर ठिकठिकाणी उंच-सखल टप्पे लागत असतील तर तीही शॉकअप गेल्याचीच खूण. लक्षात ठेवा, बसलेल्या स्प्रिंगवर चालून शॉकअपही लवकर खराब होतात. त्यामुळे दोन्ही दोष एकत्र सापडणं नवलाचं नाही.

हे उपाय करू नका

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर बाजारात सर्रास मिळतात. ते घातल्याबरोबर गाडी वर येते, म्हणून लोक खूश होतात. पण ते एका ठिकाणची वेटोळी जाम करतात आणि सगळं वळण उरलेल्या वेटोळ्यांवर येतं. आधीच थकलेली स्प्रिंग मग तिथे तुटते. स्प्रिंगला गॅसने तापवून ताणणं त्याहून वाईट, कारण पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. दुसऱ्या गाडीची ‘जवळपास बसणारी’ स्प्रिंग, लोखंडी स्पेसर, टायरमध्ये जास्त हवा, हे सगळंच टाळा. स्प्रिंगच्या आत बसणारी हवेची पिशवी वर्षातून दोन-चार वेळा सामान भरून जाणाऱ्याला उपयोगी पडू शकते, पण तीही धड स्प्रिंगच्या मदतीला. तुटक्या किंवा बसलेल्या स्प्रिंगची जागा ती घेऊ शकत नाही.

स्प्रिंग बदलणं

स्प्रिंग नेहमी जोडीने बदला. मॉडेलच्या नावावर नाही, चेसिस नंबरवर मागवा. पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी यांच्या स्प्रिंग वेगळ्या असू शकतात. सोबत वरखालची रबर पॅड आणि दोन बंप स्टॉपही घ्या. शॉकअपच्या खालच्या बोल्टांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

पुढची पद्धत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसवलेल्या टॉर्शन बीमसाठी आहे. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असेल तर ती दाबून धरणारं कॉम्प्रेसर लागतं, आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव जाऊ शकतो. ते काम घरी करू नका.

गाडी पक्क्या फरशीवर घ्या, पहिला गिअर टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्याच चाकांना धरतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर त्याचा काही उपयोग नसतो. इनोव्हा क्रिस्टा किंवा ईकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर गिअरही धरत नाही. तिथे सगळी भिस्त ठोकळ्यांवर.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. मागची बाजू उचलून दोन्हीकडे बॉडीच्या नेमून दिलेल्या जागांखाली जॅक स्टँड लावा, बीमखाली नको, कारण बीम खाली यायला हवा. चाकं काढून दोन्ही बाजूंना बॉडीखाली आडवी सरकवा. स्टँड घसरलाच तर तेवढी जागा वाचवते. गाडीबरोबर आलेल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. विटांवरही नाही.

दुसरा जॅक बीमच्या टोकाकडे, स्प्रिंगच्या बैठकीजवळ लावा. बीमच्या मधल्या पत्र्याखाली लावला तर तो वाकतो. शॉकअपवरचा ताण जाईल इतकाच बीम उचला आणि खालचा बोल्ट काढा. मग दुसऱ्या बाजूचा. बीम खाली घेण्याआधी ब्रेकचा रबरी पाइप, हँडब्रेकची केबल आणि एबीएसची वायर पाहून घ्या. अडकवलेल्या क्लिप सोडवा. बीमचा भार पाइपवर कधीच येता कामा नये. जॅक सावकाश उतरवला की स्प्रिंग मोकळी होते. शेवटचे थोडे मिलिमीटर बीम हाताने खाली दाबून ती काढावी लागते. त्या वेळी बोटं वेटोळ्यांत घालू नका.

जुनी आणि नवी स्प्रिंग फरशीवर शेजारी उभ्या करा. बसलेली स्प्रिंग बहुतेक वेळा इथेच स्पष्टपणे बुटकी दिसते. नवी आणि जुनी यांची तार, वेटोळी आणि व्यास जुळतात का तेही याच वेळी बघा; जुळत नसतील तर काम थांबवून काउंटरवर परत जा. बैठका तारेच्या ब्रशने घासा, गंज काढून रेड ऑक्साइड लावा आणि वाळू द्या.

नवी स्प्रिंग बसवताना तिचं टोक बैठकीतल्या पायरीला बरोबर टेकलं पाहिजे. ते अर्धा इंच जरी सरकलं तरी गाडी त्या बाजूला तिरकी राहते आणि आवाज येतो. वरची-खालची बाजू ओळखायला रंगाची खूण किंवा वेटोळ्यांचा वेगळा व्यास मदत करतो. बीम उचला, शॉकअपचे बोल्ट घाला, पण पक्के आवळू नका. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोन-तीनदा दाबा आणि मग टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. अधांतरी असताना आवळलं तर बुशाचं रबर गाडी खाली आल्यावर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गॅरेजमध्ये लिफ्टवर घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते, म्हणून काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तरी हे आधी बोलून ठेवा.

कमानपाट्यांच्या गाड्या

बोलेरो किंवा जुन्या ओम्नीसारख्या गाडीत तुटलेला पाटा, झिजलेली शॅकल बुश (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीतली) आणि सैल यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे) हे तीन दोष आधी शोधा. पाटे ठोकून कमान वर घेण्याचं काम स्वस्तात होतं, पण त्यानंतर पोलादावर योग्य उष्णताप्रक्रिया झाली नसेल तर कमान पुन्हा बसते. जास्तीचा पाटा घातला तर रिकामी गाडी उडू लागते. रोज माल वाहणाऱ्याने तो विचार करावा, कुटुंबाच्या गाडीला नवी कमान बरी. बसवताना मधल्या बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या खाचेत नीट बसलंय ना, ते पाहा. यू-बोल्ट नवे घ्या आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

काम झाल्यावर

चारही मापं परत घ्या आणि जुन्या मापांशेजारी लिहा. नवी स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोडी बसते, म्हणून महिन्याभराने पुन्हा मोजा. तेच माप यापुढे तुमच्या गाडीचं खरं माप.

चाकाचे नट ५० किलोमीटरनंतर तपासा. अलाइनमेंट करून घ्या, कारण मागची उंची बदलली की पुढचे कोनही थोडे बदलतात. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेली एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. गाडीची मागची उंची पाहून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. तुमच्या गाडीत अशी दांडी असेल आणि आधी कोणी बसलेल्या उंचीला ती जुळवून ठेवली असेल, तर ती नव्या उंचीवर पुन्हा जुळवलीच पाहिजे, नाहीतर भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी धरतील.

शेवटी संध्याकाळी गाडी भिंतीसमोर २५ फुटांवर उभी करा, डॅशबोर्डवरची हेडलाइटची चकती शून्यावर ठेवा आणि लो बीम लावा. प्रकाशाची वरची कड दिव्यांच्या उंचीपेक्षा थोडी खाली पडायला हवी. मागची बाजू खाली असताना कोणी दिवे खाली वळवून घेतले असतील, तर आता ते फारच जवळ पडतील. ते पुन्हा वर घ्या.